दुबई आणि टोकियोला व्यवसायासाठी जाताना वागण्या-बोलण्यात काय सांभाळावं?

तुम्ही विचारलंय की तासगाव भागात तुमचा बेदाण्याचा आणि हळदीचा छोटा व्यवसाय आहे, पहिल्यांदाच दुबई आणि टोकियोला ग्राहकांना भेटायला जायचंय, घरचे सगळे शाकाहारी, दारू घेत नाही. तर तिथले रीतिरिवाज काय?

मी सांगलीच्या मार्केट यार्डात निर्यातीचंच काम करतो, दोन्हीकडे जाणं-येणं असतं. व्हिजिटिंग कार्ड कसं द्यायचं, कुठं बसायचं हे सांगतोच. पण त्याआधी एक गोष्ट मनावर घ्या. "होईल की", "आठवड्यात पाठवतो" ही आपली बोलायची सवय विमानात बसण्याआधी सोडा. इथं सौद्याला अडत्या आपल्याला वर्षानुवर्षं ओळखतो, आठवड्याचे दहा दिवस झाले तरी तो समजून घेतो. तिकडचा खरेदीदार मात्र तुमची तारीख लिहून घेतो आणि तीच पुढं त्याच्या ग्राहकाला देतो. म्हणून माल किती तयार आहे, हळदीच्या पॉलिशला किती दिवस, कंटेनर न्हावा शेवा बंदराला कधी लागेल, हे कागदावर घेऊनच जा. खात्री नसेल तर "परवापर्यंत मेल करतो" म्हणा, आणि परवा खरंच मेल करा.

जपानमध्ये याचा कस जास्त लागतो. भेटीच्या ठिकाणी पाच-दहा मिनिटं आधी पोचायचं. दोन मिनिटं जरी उशीर होणार असेल तरी आधी फोन. कार्ड उभं राहून, दोन्ही हातांनी, अक्षरं समोरच्याला वाचता येतील अशी धरून द्यायचं. त्यांचं कार्ड घेतलं की नीट वाचायचं आणि बैठक संपेपर्यंत समोर टेबलावर ठेवायचं. ते बसलेत त्याच क्रमानं कार्डं मांडली तर नावं लक्षात ठेवायलाही सोपं जातं. कार्डावर पेनानं काही लिहू नका आणि ते पँटच्या मागच्या खिशात तर अजिबात घालू नका. आडनावानंतर आपल्या 'जी'सारखं 'सान' लावायचं. खोलीत दारापासून सगळ्यात लांबची जागा मानाची असते. ती बहुतेक तुम्हालाच देतील, पण सांगितल्याशिवाय बसू नका.

बोलताना ते मान हलवत राहतात. ऐकतोय एवढाच त्याचा अर्थ, सौदा ठरला असा नाही. "जरा अवघड आहे" असं म्हणून कुणी गप्प झालं, तर तो बहुतेक वेळा नकार असतो. तिथं भाव कमी करत सुटू नका. समोर बसलेला माणूस एकट्यानं निर्णय घेत नाही, कंपनीत सगळ्यांशी बोलून मग होकार येतो. त्याला वेळ लागतो, पण एकदा ठरलं की ते सहसा मागं फिरत नाहीत. मला ही पद्धत मनापासून आवडते.

ते बारीकसारीक प्रश्न फार विचारतील: कुठल्या गावचा माल, कुठलं औषध कधी फवारलं, काड्या-खडे किती. त्यात अविश्वास मानू नका. २००६ पासून तिथं नियम आहे की ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याचा अंश ०.०१ पीपीएमच्या, म्हणजे किलोमागं ०.०१ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. त्यामुळं लॅबचा रिपोर्ट, लॉट नंबरसह, छापून सोबत ठेवा. माझ्या मते महागड्या भेटवस्तूपेक्षा हा कागद जास्त मान मिळवून देतो. भेट द्यायचीच तर छोटी, नीट गुंडाळलेली, बैठकीच्या शेवटी द्या. चार नगांचा संच टाळा, चार हा आकडा तिथं अशुभ मानतात. तुमच्यासमोर त्यांनी ती उघडली नाही तरी वाईट वाटून घेऊ नका.

दुबईत घाई उपयोगाची नाही. देरा भागातल्या अल रासमध्ये किराणा-मसाल्याचा घाऊक बाजार आहे. तिथं तुम्हाला गुजराती, मल्याळी, इराणी, अरब सगळे भेटतील. इराणी बेदाणा तिथं आपला थेट स्पर्धक, म्हणून नमुना चांगलाच न्या. अरब यजमानाकडं आधी कॉफी आणि खजूर येतो. पहिला कप नाकारू नका, उजव्या हातानं घ्या. पुरे झालं की कप किंचित हलवायचा. तब्येत, प्रवास, धंदा यावर गप्पा झाल्याशिवाय भावाला हात घालू नका. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, ते या गप्पांत सांगायला चांगलं. घरच्यांची खुशाली विचारा, पण पत्नीची किंवा मुलींची चौकशी नको. बाईंनी स्वतः हात पुढं केला तरच हस्तांदोलन. नाहीतर छातीवर हात ठेवून नमस्कार.

२०२२ पासून तिथं शनिवार-रविवार सुट्टी असते आणि सरकारी कचेऱ्या शुक्रवारी अर्धा दिवस. रमजानमध्ये कामाचे तास कमी होतात, शक्यतो ते दिवस टाळा. दुकानाचा, माणसांचा फोटो किंवा व्हिडिओ विचारल्याशिवाय काढू नका, त्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो. आणि घरून फराळ नेणार असाल तर अनारसे नकोत, खसखस घातलेला मसालाही नको. खसखस तिथं बंदी असलेल्या मालात येते. हे घरी डबा भरणाऱ्यांना आधीच बजावून ठेवा.

आता जेवण. दुबईत शाकाहाराची काहीच अडचण नाही. जपानमध्ये भाजीच्या सूपातही बऱ्याचदा माशाचा अर्क असतो, त्यामुळं तिथं पोचल्यावर ताटासमोर सांगून उपयोग नाही. भेट ठरवतानाच लिहून कळवा: मांस, मासे, माशाचा अर्क चालत नाही; अंडं आणि दूध चालतं की नाही तेही स्पष्ट लिहा. आधी कळवलं तर ते मनापासून सोय करतात. दारूचं तर अगदी सोपं आहे. सगळे पेला उंचावतात तेव्हा तुम्ही ऊलाँग चहाचा ग्लास उंचावा, कुणी काही म्हणत नाही. फक्त शेजाऱ्याचा ग्लास रिकामा दिसला तर तो तुम्ही भरा, स्वतःचा स्वतः भरू नका. चॉपस्टिक भातात उभ्या खोचू नका. मृताच्या भातात त्या तशा खोचतात, आपल्याकडं पिंडाचा भात जसा वेगळा, तसंच ते. जमत नसेल तर काटा-चमचा मागा, लगेच आणून देतात.