वाचकांचे प्रश्न : मणी कौल यांचा संथपणा

प्रश्न : मणी कौल यांचा ‘उसकी रोटी’ नुकताच पाहिला. पात्रे सपाट आवाजात बोलतात आणि बराच वेळ काहीच घडत नाही. तरीही या दिग्दर्शकाचे नाव इतक्या आदराने का घेतले जाते?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या दोन्ही तक्रारी रास्त आहेत, मात्र दिग्दर्शकाला ते सारे तसेच हवे होते. कथा अगदी लहान आहे. पंजाबातली बालो बसचालक नवऱ्याचे जेवण घेऊन रोज थांब्यावर उभी राहते. एके दिवशी तिला उशीर होतो आणि तो रागावून तसाच निघून जातो. मोहन राकेश यांच्या या कथेत रडारड आणि समेट भरायला पुष्कळ वाव होता. विशी-पंचविशीतल्या कौल यांनी तो नाकारला आणि वाट पाहणे हाच चित्रपटाचा विषय केला.

छायालेखक के. के. महाजन यांच्यासह त्यांनी दोन भिंगांचा खेळ मांडला. २८ मिमीच्या भिंगातून जवळचे-दूरचे सारे स्पष्ट दिसते, तर १३५ मिमीच्या भिंगातून समोरचे तेवढे ठळक राहून मागचे धूसर होते. आरंभी एक भिंग बालोच्या प्रत्यक्ष जगण्यासाठी आणि दुसरे तिच्या मनातल्या चित्रांसाठी येते, परंतु पुढे त्यांची कामे हळूहळू अशी बदलत जातात की, थांब्यावर दिसणारी बालो खरोखर तिथे उभी आहे की केवळ मनाने तिथे पोचली आहे, हे सांगणे कठीण होते. सपाट उच्चारांमागे फ्रेंच दिग्दर्शक रोबेर ब्रेसाँ यांचा प्रभाव आहे. नटाने भावना तयार करून हाती दिली नाही, म्हणजे प्रेक्षकाला ती स्वतः शोधावी लागते. (या शोधात काहींना डुलकी लागते, हेही खरे.)

कौल पुढे रुद्रवीणावादक झिया मोहिउद्दीन डागर यांच्याकडे धृपद शिकले आणि १९८२ मध्ये त्यांनी ‘धृपद’ हा चित्रपटही केला. धृपदाच्या आलापात बंदिशीची घाई नसते, एकेका स्वरावर मुक्काम असतो. त्यांच्या दृश्यांचा हिशेब मला तसाच वाटतो, आणि कथानकाच्या मोजपट्टीने तो चुकतोच.

प्रश्न : त्यांचा महाराष्ट्राशी काही संबंध होता का? आणि सुरुवात कोणत्या चित्रपटापासून करावी?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : जन्म जोधपूरचा, १९४४ चा, पण शिक्षण पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, बंगाली दिग्दर्शक ऋत्विक घटक यांच्या हाताखाली झाले. तेंडुलकरांच्या नाटकावरचा ‘घाशीराम कोतवाल’ हा १९७६ चा मराठी चित्रपट ज्या दिग्दर्शकांनी मिळून केला, त्यांत कौल होते. ‘सतह से उठता आदमी’ गजानन माधव मुक्तिबोध यांच्या लेखनावर आहे. मुक्तिबोध हे मराठी घरातले हिंदी कवी आणि मराठी कवी शरच्चंद्र मुक्तिबोध यांचे बंधू.

सुरुवात मात्र ‘दुविधा’पासून करावी. विजयदान देथा यांच्या कथेत व्यापारासाठी परगावी गेलेल्या नवऱ्याचे रूप घेऊन एक भूत नववधूकडे येते आणि स्वतःची खरी ओळख तिला आधीच सांगून टाकते. इथे गोष्टीचा धागा हाती राहतो, त्यामुळे मध्येच गोठणाऱ्या चौकटींकडे आणि पांढऱ्या भिंतींपुढच्या लाल ओढणीकडे निवांतपणे पाहता येते. ‘उसकी रोटी’ त्यानंतर पाहावा, आणि शक्यतो मोबाइलवर पाहू नये.