आधी दुखतंय का ते बघ

चिरंजीवास,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. मेमध्ये घर बदललं, जूनमध्ये नवी शाळा सुरू झाली आणि गणपती येईपर्यंत लेकाचे ‘पाणी’, ‘आबा’, ‘चल’ हे इतक्या कष्टानं आलेले शब्द एकेक करून गेले. दिवसाचा सुटलेला डायपर परत लागला. मध्यरात्री उठून बसतो, कानावर मारून घेतो, हात चावतो. हे सगळं लिहून शेवटी तू विचारलंस, ‘मावशी, थेरपीचे तास वाढवू का?’

नको. आत्ता तरी नको. आधी त्याला कुठे दुखतंय का ते शोधायचं, मग त्याच्यावरचं ओझं उतरवायचं, आणि थेरपीचा विचार त्यानंतर. विशेष शिक्षिका म्हणून तुझ्या लेकासारख्या ऑटिझम असलेल्या मुलांबरोबर आयुष्य काढलंय, आणि घरोघरी हा क्रम नेमका उलटा लागतो हे पाहिलंय. शब्द गेले की आईवडील घाबरतात, तास वाढवतात, मूल आणखी मिटतं.

ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांचे आलेले शब्द दीड-दोन वर्षांच्या सुमारास जातात. वेगवेगळे अभ्यास एकत्र पाहिले तर साधारण तीनांतल्या एका मुलाच्या बाबतीत असं घडलेलं दिसतं. पण तुझा मुलगा चार वर्षांचा आहे. या वयात भाषा गेली तर ‘ऑटिझममध्ये असं व्हायचंच’ एवढ्यावर थांबायचं नाही. कुणी डॉक्टर तसं म्हणून तुला परत पाठवत असतील तर दुसरे डॉक्टर गाठ. बालरोगतज्ज्ञांकडून मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे चिठ्ठी घे आणि झोपेतल्या ईईजीबद्दल, म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विद्युतलहरी टिपणाऱ्या तपासणीबद्दल, स्पष्ट विचार. लँडाऊ-क्लेफ्नर नावाचा एक दुर्मीळ आजार आहे, 1957 मध्ये त्याचं पहिलं वर्णन झालं. साधारण तीन ते सात-आठ वर्षांच्या मुलांमध्ये झोपेत मेंदूत फिटसारख्या विद्युतलहरी चालू राहतात आणि मुलाला बोललेलं समजेनासं होतं, मग त्याचं बोलणंही जातं. डोळ्यांना दिसणारी फिट काही मुलांना कधी येतच नाही. तुझ्या मुलाला हे असेल असं मी म्हणत नाही, शक्यता कमीच आहे. पण त्यावर औषधं आहेत, म्हणून ते तपासून बाजूला करायचं. मधेच टक लावून थिजणं, हातापायांना हिसके, चालताना तोल जाणं, हातांचा वापर कमी होणं, सारख्या उलट्या, वजन उतरणं, यातलं काहीही दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता दवाखान्यात जा. आणि फोनवर त्याचं चित्रीकरण करून ठेव. तपासणीच्या खोलीत मुलं हमखास वेगळी वागतात.

आता कानावर मारून घेण्याबद्दल. पावसाळा, सर्दी आणि कान ही साखळी तू कुठल्याही आईला विचार. आपल्या मुलाला ‘कान ठणकतोय’ हे सांगता येत नाही, तो कानावर हात मारतो. पडद्यामागे पाणी साठलं असेल तर त्याला आपलं बोलणं पुसट ऐकू येत असेल, आणि पुसट ऐकणारं मूल बोलण्यातून अंग काढून घेतं. कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखव, श्रवणचाचणी करून घे. मुंबईला येणं जमलं तर वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत ती नीट होते. दातांची कीडही बघायला सांग. हात चावणाऱ्या मुलाच्या दाढेत दुखणं सापडलं आहे असं मी अनेकदा पाहिलं.

शी रोज होते का, आणि कशी, हे पत्रात नाही. एवढ्या मोठ्या पत्रात नेमकं हेच राहिलं, कारण आपल्याकडे ते लिहायला संकोच वाटतो. पोट साफ नसलं की साठलेल्या मळाचा मूत्राशयावर दाब येतो आणि चड्डी ओली होते. आपण समजतो टॉयलेट ट्रेनिंग विसरला. आणि तो सध्या भात नि बिस्किटांवरच आहे ना? मग रक्तातलं लोह, बी-12 आणि ‘ड’ जीवनसत्त्व बघायला हवं. लोह कमी पडलं की झोप अस्वस्थ होते. फळ-भाजी अजिबात न खाणाऱ्या ऑटिस्टिक मुलांना ‘क’ जीवनसत्त्वाअभावी स्कर्व्ही झाल्याच्या नोंदी आजही आहेत. पाय दुखतात म्हणून मूल चालायला नकार देतं आणि घरच्यांना तो हट्ट वाटतो.

या सगळ्यात काही सापडलं तर उपचार करा. नाही सापडलं, तर या तीन-चार महिन्यांत त्याच्या जगात काय काय बदललं ते मोज. घर, खोली, रस्ता, बाई, वर्गातला कलकलाट, आणि वर दहा दिवस खिडकीखाली ढोल-ताशा. त्याची सगळी ताकद हे सोसण्यात जाते आहे. बोलायला शिल्लक काही उरत नाही.

म्हणून ओझं उतरव. शाळेशी बोलून काही आठवडे दोनच तास पाठव. रंग ओळखणं, मणी ओवणं, पेन्सिल धरणं सगळं बाजूला. डायपर बिनदिक्कत लाव, त्यावरून घरात एक शब्दही निघू नये. औषध, सुरक्षितता, जेवण आणि झोप एवढ्याच चार गोष्टी न सोडण्याच्या. जेवण, अंघोळ, अंगाई यांच्या वेळा नि क्रम मात्र घट्ट ठेव, सगळं हलत असताना त्याला तेवढा आधार लागतो. ऑक्युपेशनल थेरपीला आनंदानं जात असेल तर जाऊ दे, दारात रडत असेल तर थोडे दिवस थांबव.

आणि त्याची परीक्षा घेणं बंद. ‘पाणी म्हण, मग देते’ हे घरात चालू असणार, मला माहीत आहे, कारण तसं शिकवणारे अजूनही खूप आहेत. तहानलेल्या मुलाला शब्दासाठी पाण्यावाचून ताटकळत ठेवणं मला मुळीच मान्य नाही. त्यानं पेल्याकडे पाहिलं, तुझा हात ओढला, तरी ते मागणंच आहे. पेला दे, देताना एकदा ‘पाणी’ म्हण, आणि गप्प राहा. प्रश्न कमी विचार. ‘हे काय? हे कोण?’ ऐवजी तो जे करतोय त्याच्या शेजारी बसून तेच कर. तो चाक फिरवतोय, तूही फिरव. तो तुझ्याकडे बघेल.

त्याच्याच स्टीलच्या पेल्याचा, त्याच्या चपलांचा, झोक्याचा फोटो काढून त्याच्या उंचीवर भिंतीला लाव. आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ नावाचं मोफत अ‍ॅप आहे, त्यात मराठीही आहे; चित्रावर बोट ठेवलं की फोन बोलतो. आजूबाजूचे म्हणतील, फोन बोलायला लागला तर हा कशाला बोलेल? तशी भीती धरू नकोस. चित्रांनी किंवा यंत्रानं बोलायला मिळालं म्हणून मुलाचं बोलणं थांबलं असं अभ्यासांत दिसलेलं नाही, उलट काहींचं थोडं वाढलेलंच दिसतं. एक मात्र कर, त्याच्यासमोर ‘याचं सगळं गेलं’ असं कुणालाही बोलू देऊ नकोस. न बोलणारी मुलं ऐकत असतात.

आता तुझ्या शेजारच्या काकांचं ‘लसीमुळे झालं’ हे म्हणणं. लसीमुळे ऑटिझम होतो असं सुचवणारा तो 1998 चा शोधनिबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं 2010 मध्ये मागे घेतला आणि लिहिणाऱ्या डॉक्टरचा वैद्यकीय परवानाही गेला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांचा अभ्यास झाला, त्यात काही संबंध सापडला नाही. पाचव्या वर्षीचा डोस चुकवू नकोस.

स्टेम सेल (मूळ पेशी) उपचारांची जी जाहिरात पाठवलीस, तिच्यासाठी एक रुपयाही काढू नकोस. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या समितीनं 2022 मध्येच ऑटिझमसाठी ही उपचारपद्धती नको असं सांगितलं आहे. पाटल्या मोडून, फ्लॅट गहाण ठेवून हे करणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि ते आठवलं की माझा आजही संताप होतो. त्यापेक्षा यूडीआयडी हे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र आणि नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ योजना यांचे अर्ज भर. निरामयमध्ये वर्षाला एक लाखापर्यंत विमा आहे आणि थेरपीचा काही खर्चही त्यातून मिळतो.

‘तो परत पहिल्यासारखा होईल का?’ असं तू विचारलंस. पुष्कळ मुलांचे शब्द परततात. काहींचे हळू, काहींचे वेगळ्या वाटेनं, चित्रांतून, टाइप करून. काहींचे सगळे परतत नाहीत. तुझ्या मुलाचं काय होईल याचं वचन मी देणार नाही. तो हात ओढून तुला झोक्याकडे नेतो असं तू लिहिलंस. ते मी पत्रात दोनदा वाचलं, तू मात्र ते ओझरतं लिहून पुढे गेलास.

रात्री कोण जागतं? पत्रावरून तरी सूनबाईच. आठवडा वाटून घ्या. तिची झोप हा आत्ता या घरातला सगळ्यात निकडीचा उपचार आहे. ती जेवत नसेल, सारखी रडत असेल तर 14416 हा टेलि-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलतात. आणि ‘आईच्या नोकरीमुळे झालं’ हे तुझ्या घरात कोण म्हणतं ते तू लिहिलं नाहीस, पण मी ओळखते. तुझ्या आईशी मी बोलेन.

ईईजीची तारीख मिळाली की लगेच कळव. आदल्या दिवशी त्याला शाम्पूनं न्हाऊ घाला, डोक्याला तेल अजिबात नको, नाहीतर तारा चिकटत नाहीत. रात्री त्याला उशिरापर्यंत जागं ठेवायला सांगतील, म्हणजे तिथे तो झोपेल. आधीचे चार-आठ दिवस खेळता खेळता डोक्याला कापडी पट्टी गुंडाळायची सवय करा, बाहुलीलाही गुंडाळा. जागवायच्या रात्रीसाठी मी येते. मला फक्त दोन दिवस आधी सांग, म्हणजे गाडीचं तिकीट काढता येईल.

तुझी,
मावशी