दोन पाळक, एक लग्न

प्रश्न : मी प्रोटेस्टंट, होणारा नवरा कॅथलिक. लग्न त्यांच्या चर्चमध्ये आहे. आमच्या पाळकसाहेबांनाही विधीत सहभागी होता येईल का? की असं विचारलं तर फादरना राग येईल?

उत्तर : मुली, नक्की विचार, आणि तारीख ठरण्याआधीच विचार. व्हॅटिकनने १९९३ साली काढलेल्या ख्रिस्ती पंथांच्या एकतेविषयीच्या मार्गदर्शिकेत याची सोय आहे. वधूवरांनी विनंती केली, तर स्थानिक बिशपांच्या परवानगीने फादर तुमच्या पाळकांना बोलावू शकतात. ते शास्त्रवाचन करू शकतात, दोन शब्द उपदेशाचे सांगू शकतात, तुम्हाला आशीर्वाद देऊ शकतात. शपथा मात्र एकाच याजकासमोर, एकदाच. त्याला पाळकसाहेबांचा अपमान समजू नकोस.

खरा अवघड भाग प्रभुभोजनाचा, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीचा. ते एकत्र घेण्याबाबत दोन्ही पंथांत अजून एकमत नाही, म्हणून असा विवाह सहसा मिस्साशिवाय, म्हणजे प्रभुभोजनाच्या उपासनेशिवाय, करतात. मी निवृत्त पाळक आहे. अशा लग्नांत फादरांच्या शेजारी उभा राहिलो आहे, आणि मला हेच योग्य वाटतं. अर्धे वऱ्हाडी प्रभुभोजन न घेता बाकावर बसून राहतील, असा विधी त्या दिवशी कशाला?

एक विनंती. फादरना आणि पाळकसाहेबांना निरोप पाठवत बसू नका. तुम्ही दोघं जाऊन त्यांची समोरासमोर भेट घालून द्या. कोणता उतारा कोण वाचणार, आशीर्वाद कधी, हे तिथेच ठरू द्या. बिशपांची परवानगी यायला वेळ लागतो, तेव्हा अर्ज या आठवड्यातच द्या.