मधुमेहाच्या गोळ्या : कमी कधी कराव्यात, वाढवाव्यात कधी?

प्रश्न : माझ्या आईचे वय 74 वर्षे असून तिला बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. ती सकाळी ग्लिमेपिराइड 2 मिलिग्रॅम आणि दोन वेळा मेटफॉर्मिन 1000 मिलिग्रॅम घेते. तिचे एचबीएवनसी (रक्तातील साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) 6.2 टक्के आले, त्यामुळे आमचे फॅमिली डॉक्टर समाधानी आहेत. मात्र अलीकडे तिची भूक मंदावली आहे, आणि जेवणाला उशीर झाला की तिला दरदरून घाम सुटतो व ती असंबद्ध बोलू लागते. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) 1.4 आहे, ते 'किंचित जास्त' असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. साखर इतकी आटोक्यात असताना गोळ्या कमी करा, असे डॉक्टरांना सुचवणे योग्य ठरेल का?

उत्तर : नक्कीच योग्य ठरेल, आणि त्यासाठी पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका, आज-उद्याच डॉक्टरांना भेटा. आपण वर्णन केलेली लक्षणे साखर लो होण्याची आहेत, असे मानूनच चालावे. तसे झाले की लगेच ग्लुकोमीटरवर साखर तपासा. ती 70 मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल आणि आई शुद्धीवर असून नीट गिळू शकत असेल, तर 15 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्या व पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल, तर तोंडाने काहीही न देता तातडीने रुग्णालय गाठा. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीने उतरलेली साखर ग्लुकोजने वर आल्यानंतरही काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून त्या दिवशी रुग्णाला एकटे ठेवू नये.

आता अहवालाकडे वळू. 6.2 हा आकडा दिसायला चांगला असला, तरी एचबीएवनसी ही दोन-तीन महिन्यांची सरासरी असते आणि सरासरीत खाली गेलेले क्षण दिसत नाहीत. सल्फोनिलयुरिया गटातील गोळी (ग्लिमेपिराइड याच गटातली) घेणाऱ्या वृद्ध रुग्णाचे एचबीएवनसी इतके खाली असेल, तर डॉक्टरांनी निर्धास्त होण्याऐवजी सावध व्हायला हवे. बहुतेक प्रौढांसाठी 7 टक्क्यांच्या आसपासचे लक्ष्य ठेवले जाते; थकलेल्या, अनेक आजार असलेल्या वृद्धांसाठी ते 8 टक्क्यांपर्यंत सैल करणे सर्वमान्य आहे. हृदयविकाराचा धोका अधिक असलेल्या रुग्णांचे एचबीएवनसी 6 टक्क्यांच्या खाली नेण्याचा प्रयत्न 'अकॉर्ड' या मोठ्या अभ्यासात झाला होता. त्या गटात मृत्यू अधिक झाल्याने 2008 मध्ये तो कडक उपचार मुदतीपूर्वी थांबवावा लागला.

क्रिएटिनिन 1.4 'किंचित जास्त' म्हणून सोडून देण्यासारखे नाही. तिशीतल्या पुरुषाचे क्रिएटिनिन तेवढेच असेल, तर मूत्रपिंडाच्या गाळणक्षमतेचा अंदाज, म्हणजे ईजीएफआर, सुमारे 69 येतो. 74 वर्षांच्या स्त्रीच्या बाबतीत त्याच आकड्यावरून तो सुमारे 39 येतो. वयोमानाने स्नायू कमी होतात, क्रिएटिनिन कमी तयार होते, आणि त्यामुळे मूत्रपिंडाचे काम बरेच मंदावलेले असूनही अहवालातला आकडा फारसा वाढलेला दिसत नाही. म्हणून प्रत्येक अहवालावर ईजीएफआर काढून घ्यायला हवा.

39 या ईजीएफआरला मेटफॉर्मिन चालू ठेवता येते, पण दिवसाला 1000 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको; आपल्या आईला त्याच्या दुप्पट मिळत आहे. ईजीएफआर 30 च्या खाली गेल्यास ते बंदच करावे लागते. घाम आणि असंबद्ध बोलणे यांमागे मात्र बहुधा ग्लिमेपिराइड आहे. भूक मंदावलेली आणि मूत्रपिंडातून औषधाचा निचरा कमी झालेला, अशा वेळी पूर्वी झेपणारी मात्राही जड पडते. ती गोळी कमी किंवा बंद करण्याविषयी आपण स्पष्टपणे विचारा. त्यानंतर साखर फार वाढलीच, तर लिनाग्लिप्टिनसारखा पर्याय आहे. त्याची मात्रा मूत्रपिंडानुसार बदलावी लागत नाही आणि एकट्याने घेतल्यास साखर लो होण्याची शक्यता अत्यल्प असते. याच काळात आईला दुसऱ्या कोणा डॉक्टरांनी एखादे प्रतिजैविक दिले होते का, हेही आठवून सांगा. को-ट्रायमॉक्सॅझोल आणि क्लॅरिथ्रोमायसिन ही औषधे सल्फोनिलयुरियाचा परिणाम वाढवतात.

यात आपल्या डॉक्टरांवर अविश्वास दाखवण्यासारखे काही नाही. ही औषधे लिहिली गेली, तेव्हा ती कदाचित अगदी योग्य होती. पुढे वय वाढले, आहार कमी झाला, मूत्रपिंडे थकली, आणि चिठ्ठी मात्र 'तीच औषधे चालू' या एका ओळीवर पुढे सरकत राहिली. प्राथमिक उपचारात मला सर्वांत अधिक काळजी वाटते ती याच ओळीची.

प्रश्न : मी नुकतीच स्वतःची प्रॅक्टिस सुरू केलेली डॉक्टर आहे. मेटफॉर्मिनवर असूनही एचबीएवनसी 8.4 असेल, तर दुसरी गोळी कोणती निवडावी? तीन औषधांची एकत्रित गोळी लगेच सुरू करावी का?

उत्तर : आधी रुग्ण पहिली गोळी खरोखर घेतो का, ते पाहावे. मेटफॉर्मिनमुळे पोट बिघडते म्हणून ते परस्पर सोडणारे रुग्ण बरेच असतात. जेवणासोबत 500 मिलिग्रॅमपासून सुरुवात करून मात्रा हळूहळू वाढवली, किंवा सावकाश विरघळणारी गोळी दिली, तर हा त्रास पुष्कळ कमी होतो. रुग्ण स्टिरॉइड घेत आहे का, हेही विचारावे.

त्यानंतरची निवड साखरेच्या आकड्यापेक्षा रुग्णाच्या हृदयावर व मूत्रपिंडावर अवलंबून असते. हृदयाघात, हार्ट फेल्युअर किंवा लघवीतून प्रथिने जाणारा मूत्रपिंडविकार असेल, तर एम्पाग्लिफ्लोझिन किंवा डॅपाग्लिफ्लोझिन यांचा विचार एचबीएवनसी कितीही असले तरी करावा. देताना जननेंद्रियाच्या बुरशीसंसर्गाची कल्पना द्यावी. उलट्या-जुलाबात व मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी किमान तीन दिवस ही गोळी थांबवायची असते, हे चिठ्ठीवरच लिहून द्यावे, कारण साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोअ‍ॅसिडोसिस (रक्तात आम्ल साठण्याची धोकादायक अवस्था) होऊ शकतो. उलट्या-जुलाबाने पाणी कमी झाले असता मेटफॉर्मिनही तात्पुरते थांबवावे. हार्ट फेल्युअरमध्ये पायोग्लिटाझोन टाळावे. खर्च परवडत नसेल, तर ग्लिक्लाझाइड हे आजही उपयुक्त औषध आहे. वृद्धांना ग्लायबेनक्लामाइड मात्र देऊ नये, कारण त्याने उतरलेली साखर दीर्घकाळ खालीच राहू शकते.

तीन औषधांच्या एकत्रित गोळीने सुरुवात करू नये. एखादे औषध त्रासदायक ठरले, तर ते कोणते हे कळत नाही आणि एकाचीच मात्रा कमी करायची सोय राहत नाही. मात्रा स्थिरावल्यावर गोळ्यांची संख्या कमी करण्यासाठी ती जरूर द्यावी. नवे औषध सुरू केल्यावर तीन महिन्यांनी एचबीएवनसी पाहावे, आणि ज्याचा काही उपयोग दिसत नाही, ते औषध तसेच ठेवून त्यावर आणखी एक चढवू नये.

प्रश्न : मेटफॉर्मिनने किडनी खराब होते, असे ऐकून मी ते बंद केले. बरोबर केले का?

उत्तर : नाही. मेटफॉर्मिन मूत्रपिंडाला इजा करत नाही. ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, म्हणून मूत्रपिंडे आधीच कमजोर असतील तर त्याची मात्रा कमी करावी लागते किंवा ते थांबवावे लागते, एवढाच त्या सावधगिरीचा अर्थ आहे. क्रिएटिनिन व ईजीएफआर तपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध पुन्हा सुरू करा. ते अनेक वर्षे घेणाऱ्यांमध्ये बी-12 जीवनसत्त्व कमी होऊ शकते, त्यामुळे पायांना मुंग्या येत असतील तर त्याचीही तपासणी करून घ्या.