एडटेकच्या लॅबमध्ये जाऊ की प्लेसमेंटची तयारी करू?

प्रश्न (पत्र मोठं होतं, थोडक्यात देतेय): मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या युनिव्हर्सिटीत एज्युकेशनल टेक्नॉलॉजी आणि इंटरॅक्टिव्ह कॉम्प्युटिंगची एक लॅब आहे, तिथे आमच्यासारख्या मुलांनाही रिसर्चसाठी घेतात. मला कोडिंग येतं, शिकवायलाही आवडतं. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांसाठी एआय चॅटबॉट बनवायचा आणि त्यावर पेपर लिहायचा असं डोक्यात आहे. बाबा म्हणतात हा टाइमपास आहे, प्लेसमेंटचं बघ. मैत्रीण म्हणते तिथे नुसते सर्व्हे भरून घेतात, खरं कॉम्प्युटर सायन्स नसतंच. काय करू?

उत्तर:

जा. पण तो चॅटबॉट बाजूला ठेवून जा, निदान पहिलं सेमिस्टर तरी.

तुझ्या पत्रात बॉटबद्दल भरपूर आहे, कुठलं मॉडेल घेणार, स्क्रीन कशी दिसणार, उत्तर किती पटकन येणार, पण तो वापरून मुलं नक्की काय शिकणार आणि ती शिकली हे तुला कशावरून कळणार, याबद्दल एक ओळसुद्धा नाही. अशा लॅबमध्ये खरं डोकं तिथेच लागतं. टूल बनवणं हा एक टप्पा, आणि एआय आल्यापासून तर तो सगळ्यात सोपा टप्पा झालाय, वीकेंडला बसून कोणीही बनवतं.

उगाच नाही म्हणत. पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी तुर्कस्तानातल्या हायस्कूलच्या जवळपास हजार मुलांवर एक प्रयोग केला, विषय गणित. सरावाच्या वेळी काहींना जीपीटी-४ चा साधा चॅट दिला, काहींना थेट उत्तर न देता हिंट देणारा, शिक्षकांची मदत घेऊन घडवलेला चॅट दिला, आणि बाकीच्यांना यातलं काहीच नाही, नेहमीसारखं वही-पुस्तक. सरावात साध्या चॅटवाल्यांनी ४८ टक्के जास्त चांगलं केलं आणि हिंटवाल्यांनी तर १२७ टक्के. इथेच थांबले असते तर काय झकास पेपर झाला असता! पण नंतर बॉट काढून घेऊन सगळ्यांची परीक्षा घेतली, तेव्हा साधा चॅट वापरलेली मुलं काहीच न मिळालेल्यांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. हिंटवाल्यांचं हे नुकसान बरंचसं टळलं, पण त्यांचे ते १२७ टक्केही परीक्षेत कुठे दिसले नाहीत. आता सांग, तू सरावानंतर "बॉट आवडला का?" एवढा फॉर्म भरून घेऊन निघून आली असतीस तर तुला यातलं काय कळलं असतं?

या फील्डला मोठ्या आकड्यांचा सोस जुना आहे बरं का. १९८४ मध्ये अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी लिहिलं की वर्गात शिकणाऱ्यांपेक्षा स्वतंत्र ट्यूटर मिळालेली मुलं सरासरी दोन स्टँडर्ड डेव्हिएशन (मार्क सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप, त्यालाच सिग्मा म्हणतात) पुढे जातात, आणि तेव्हापासून दर काही वर्षांनी कोणीतरी येऊन आमचं सॉफ्टवेअर तो 'टू सिग्मा' गाठणार म्हणून सांगतं. २०११ मध्ये कर्ट व्हॅनलेन यांनी तोवर झालेले प्रयोग एकत्र करून पाहिले तर माणूस ट्यूटरचा फायदा त्याच मापात निघाला ०.७९ आणि पायरी-पायरीने मदत करणाऱ्या सॉफ्टवेअरचा ०.७६. म्हणजे दोन तर सोडच, माणूसही एकच्या आत, पण सॉफ्टवेअर त्याच्या अगदी शेजारी, आणि मला विचारशील तर त्या दोनपेक्षा ही गोष्ट जास्त इंटरेस्टिंग आहे. लॅबमध्ये भेटायला जायच्या आधी हे दोन्ही पेपर वाच, आकडेमोड सगळी नाही कळली तरी चालेल.

आता सुरुवातीला तुझ्या वाट्याला काय येईल ते सांगते. बहुतेक लॉग येईल, म्हणजे कोणी कधी काय दाबलं याची सॉफ्टवेअरने ठेवलेली नोंद. समज गणित शिकवणारं एक सॉफ्टवेअर आहे आणि त्याची हजारो ओळींची शीट तुझ्यासमोर उघडलीये. एक मुलगा प्रश्न उघडतो, हिंट दाबतो, सेकंदभरात परत हिंट, परत हिंट, शेवटच्या हिंटमध्ये उत्तरच दिलेलं असतं ते टाइप करतो, बरोबर, पुढचा प्रश्न. पाच-सहा ओळींत खेळ खलास, सिस्टिमच्या हिशेबात प्रश्न सुटला, आणि मुलाच्या डोक्यात काहीही शिरलेलं नाही. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटीत रायन बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये यावरच पेपर लिहिला, 'गेमिंग द सिस्टिम' म्हणतात या प्रकाराला. ते नुसत्या लॉगवर विसंबले नाहीत, वर्गात उभे राहून, मुलांना कळू नये म्हणून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत नोंदी केल्या. आणि निघालं काय, तर शेजाऱ्याशी गप्पा मारणं शिकण्याला जेवढं मारक वाटतं तेवढं दिसलं नाही, पण ही हिंट-हिंटची हुशारी करणारी मुलं स्पष्टपणे कमी शिकली होती. शिक्षकाला बाहेरून बघताना उलटंच वाटलं असतं, नाही का?

दुसरं काम म्हणजे थिंक-अलाउड. एकाला टूल द्यायचं, तो वापरता वापरता मनात येईल ते बोलणार, तू शेजारी बसून ऐकायचं. तो भलत्याच मेनूत शिरून शोधत बसलाय, तुझ्या जिभेवर "अरे, वर उजवीकडे बघ ना" आलंय, आणि ते गिळायचं, कारण तो कुठे अडतो हेच तर तुला बघायचंय. तुला शिकवायला आवडतं म्हणतेस ना, मग हे तुला कोडिंगपेक्षा जड जाणार आहे, आत्ताच सांगून ठेवते. नंतर ते रेकॉर्डिंग ऐकून शब्दन् शब्द उतरवायचं. दोघांनी वेगवेगळं बसून त्यावर "इथे अडला", "इथे कळलं" अशी लेबलं लावायची आणि मग ती किती जुळतात ते मोजायचं. आणि हे सगळं सुरू करायच्या आधी एथिक्स कमिटीची परवानगी, संमतीपत्रं, मुलं अठराच्या खालची असतील तर सहसा पालकांचीही. कंटाळवाणं असतं, त्यातून सुटका नाही.

मैत्रिणीला सांग की सर्व्हे असतात, पण "खरं कॉम्प्युटर सायन्स नाही" हे काही खरं नाही. इलिनॉय युनिव्हर्सिटीत १९६० मध्ये सुरू झालेल्या प्लेटो या शिकवणाऱ्या सिस्टिमसाठी स्क्रीन हवी म्हणून १९६४ मध्ये प्लाझ्मा डिस्प्ले शोधला गेला. मुलाला कुठली संकल्पना किती येते याचा अंदाज बांधणारं मूळचं नॉलेज ट्रेसिंग आतून बघितलं तर हिडन मार्कोव्ह मॉडेल आहे, म्हणजे दिसणाऱ्या उत्तरांवरून न दिसणाऱ्या स्थितीचा अंदाज बांधणारं संभाव्यतेचं गणित. स्क्रॅच, ती ब्लॉक जोडून प्रोग्रॅम करायची भाषा, तर तिनेही शाळेत वापरली असेल, तीही एमआयटीच्या मीडिया लॅबमधून २००७ मध्ये बाहेर आलेली.

बाबांचं म्हणणं मात्र मी उडवून लावणार नाही. सरळ सॉफ्टवेअर डेव्हलपरची नोकरी हवी असेल तर इंटरव्ह्यूत डेटा स्ट्रक्चर्सच विचारतात, लॅबचं काम रिझ्युमेवर एका ओळीत मावतं. ते खरं कामाला येतं ते यूएक्स रिसर्च (लोक ॲप-वेबसाइट कसं वापरतात याचा अभ्यास), डेटा ॲनालिसिस, शिकण्याशी संबंधित प्रॉडक्ट कंपन्या, आणि मास्टर्स किंवा पीएचडीला, जिथे "मुलगी हुशार आहे" छापाच्या शिफारसपत्रापेक्षा "हिने अमुक डेटा साफ केला आणि त्यात आमच्या लक्षात न आलेली चूक पकडली" हे वाक्य फार वजनदार ठरतं. त्यामुळे बाबांना सांग की आठवड्याचे आठ-दहा तासच देणार, बाकी वेळ प्लेसमेंटला, आणि एका सेमिस्टरनंतर परत बोलू. हे आठ-दहा तास लॅबलाही आधीच सांगायचे, परीक्षा तोंडावर आल्यावर नाही.

पेपरचं डोक्यातून काढ. सीएचआय ही माणूस आणि कॉम्प्युटर यांच्यातल्या देवाणघेवाणीवरची, या क्षेत्रातली मोठी कॉन्फरन्स, तिला साधारण सप्टेंबरमध्ये पेपर पाठवायचा आणि कॉन्फरन्स पुढच्या वर्षी एप्रिल-मेमध्ये. तू आत्ता सुरू करून सगळं सुरळीत झालं तरी निकाल येईपर्यंत तुझ्या प्लेसमेंट होऊन गेलेल्या असतील. पोस्टर किंवा विद्यार्थ्यांच्या रिसर्च स्पर्धा हे जास्त जमण्यासारखं आहे.

लॅबमध्ये गेलीस की प्रोफेसर किती मोठे आहेत यापेक्षा रोजचं काम तुला कोण दाखवणार ते विचार, बहुतेक ठिकाणी ती पीएचडीची मुलंच असतात आणि तुझा अनुभव चांगला की वाईट हे निम्मं त्यांच्यावर ठरतं. आधीच्या वर्षीची मुलं काय करून गेली, पेपर झालाच तर नावं कशी लागतात, क्रेडिट मिळतात की स्टायपेंड की दोन्ही नाही, हेही बिनधास्त विचार, त्यात उद्धटपणा काही नाही. "आमची वेबसाइट बनवून दे" यापलीकडे काही ऐकू आलं नाही तर नमस्कार करून परत ये.

मेल छोटा लिही. त्यांचा एक अलीकडचा पेपर वाचून त्यातलं तुला न पटलेलं किंवा न कळलेलं एक नेमकं काहीतरी विचार, तुला पायथन आणि स्टॅटिस्टिक्स किती येतं ते खरं खरं सांग (स्टॅटिस्टिक्स येत नसेल तर आजपासून लाग, त्याशिवाय तिथे पान हलत नाही), वेळ किती देऊ शकतेस ते लिही, चॅटबॉटचं नाव काढू नकोस. आठवडाभर उत्तर नाही आलं तर एकदा आठवण कर, आणि तरीही शांतता असेल तर लॅबमधल्या पीएचडीच्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठ, जागा आहे की नाही हे बरेचदा त्यांनाच आधी माहीत असतं.