स्त्रीबीज तयार होण्यासाठीच्या क्लोमिफीनच्या गोळीने कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर संध्याकाळी गाड्यांच्या दिव्यांमागे रेघा दिसल्या, गोळी चालू ठेवू का?

ताई, उरलेल्या गोळ्या आजच थांबवा आणि लिहून देणाऱ्या डॉक्टरांना फोन करा. क्लोमिफीनने पुसट दिसणं, चमका, ठिपके येऊ शकतात. गाडी पुढे गेली तरी दिव्याची रेघ मागे रेंगाळते, रंकाळ्यावर संध्याकाळी तुम्हाला दिसली तशीच. बहुतेकींचं गोळी थांबली की जातं, क्वचित राहतंही. म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातही नेत्रविभाग आहे. थेंबांनंतर काही तास अंधुक दिसतं, सोबत कुणीतरी न्या. चष्म्याच्या दुकानात नंबर काढून भागणार नाही बरं का! तोवर मोपेड घरातच. एका डोळ्याने अचानक दिसेनासं झालं तर मात्र सकाळची वाट बघू नका. पुढच्या पाळीला त्याऐवजी लेट्रोझोल ही स्त्रीबीजासाठीचीच दुसरी गोळी चालेल का, तेही गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा.