केमिस्ट्री सोडायची का?

सप्रेम नमस्कार,

चंद्रपूरहून पाठवलेलं तुमचं पत्र वाचलं. मुलगी बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला 'पर्यावरण धोरणा'त काम करायचंय आणि त्यासाठी आत्ताच केमिस्ट्री सोडून बी.ए.ला जायचंय. तुमचा प्रश्न, यात नोकरी कुठे असते?

आधी बी.ए.चं. नको. भारतीय वनसेवेच्या परीक्षेला पदवीत ठरावीक विज्ञान विषय, शेती, वानिकी किंवा इंजिनीअरिंग लागतं. केमिस्ट्री त्या यादीत आहे. हातातला दरवाजा आपणच का लावून घ्यायचा?

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. गुजरातेत कारखान्यांना प्रदूषणाचं लेखापरीक्षण सक्तीचं होतं, पण तपासनीस निवडायचा कारखान्यानेच, पैसेही त्यानेच द्यायचे. मग अहवाल कसे येणार? बहुतेक मर्यादेच्या आतच! २००९ ते २०११ या काळात एस्थर डुफ्लो आणि इतर अर्थतज्ज्ञांनी तिथल्या प्रदूषण नियंत्रण मंडळाबरोबर एक प्रयोग केला. काही कारखान्यांना तपासनीस बाहेरून नेमून दिले, त्यांचं मानधन सामायिक निधीतून दिलं आणि काही ठिकाणची मोजणी दुसऱ्यांकडून पुन्हा करवून घेतली. अहवाल खरे येऊ लागले, आणि त्या कारखान्यांचं प्रदूषणही घटलं. मर्यादा मात्र जुन्याच होत्या. २०१९मध्ये सुरतेत कारखान्यांमध्ये धूलिकण सोडण्याच्या परवान्यांची खरेदी-विक्री सुरू झाली, तीही चिमणीवर सतत मोजणारी यंत्रं बसवल्यामुळेच जमली.

नमुना कुठून घेतला, आकडा कुठे फिरवता येतो, हे केमिस्ट्रीवाल्याच्या लगेच लक्षात येतं. नुसती भाषणं ऐकून ते येत नाही. म्हणून पदवी पूर्ण करू द्या, सोबत संख्याशास्त्र पक्कं करायला सांगा. पुढे पुण्याच्या गोखले संस्थेत अर्थशास्त्र, मुंबईला टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था), किंवा कॅट ही व्यवस्थापनाची प्रवेश परीक्षा देऊन भोपाळची वन व्यवस्थापन संस्था. कायद्याची ओढ असेल तर तीन वर्षांचं एलएल.बी.; पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम खंडपीठ पुण्यातच आहे.

नोकऱ्या प्रदूषण नियंत्रण मंडळात, कंपन्यांच्या पर्यावरण विभागात, सल्लागार संस्थांत आणि संशोधन प्रकल्पांवर असतात. खरं सांगायचं तर मंडळाच्या जाहिराती रोज निघत नाहीत, आणि संशोधनात सुरुवातीची काही वर्षं कंत्राटी, बेताच्या पगाराची जातात. घरी तेवढी तयारी ठेवा.

जंगलतोडीबद्दल ती तळमळीने बोलते असं लिहिलंत. शेजारच्या गडचिरोलीत मेंढा (लेखा) हे गाव आहे. वनहक्क कायद्याखाली २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्या ग्रामसभेला सामूहिक हक्क मिळाला. बांबू कोण तोडणार, किती, पैसा कुठे जाणार, हे गाव ठरवतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत ग्रामसभेची परवानगी घेऊन चार दिवस राहून येऊ द्या.

आणि जिल्ह्यात एखाद्या प्रकल्पाची पर्यावरण जनसुनावणी लागली, तर त्या प्रकल्पाच्या पर्यावरणावरील परिणामांच्या अहवालाचा मराठी सारांश तिला आधी वाचायला सांगा. सुनावणीला तुम्हीही सोबत जा.